सतरावं पान

“तुटत नाही म्हणजे नेमकं काय होत नाही?” भिकनगीर बुवांनी विचारलं.

“भाग जात नाही,” उपासनी मास्तर म्हणाले. “एकानं जातो, आणि तिचा तिच्यानं जातो. बाकी जगात कुणाची ताकद नाही.”

बुवा ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी एक शेंग फोडली. दाणे परातीत टाकले.

“अशा संख्येला काय म्हणतात?”

“मूळ संख्या.”

“आणि तुटते तिला?”

“संयुक्त,” मास्तर म्हणाले. घासात खडा लागावा तसं त्यांचं तोंड झालं.

बुवांची मठी तापीच्या उत्तर काठावर होती. एक खोली, एक ओसरी, समोर फरसबंद अंगण आणि खाली उतरत गेलेला जुना दगडी घाट. चिंतामण उपासनी पलीकडच्या काठावरच्या तालुक्याच्या गावी बत्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवत होते. त्या सोमवारी सकाळी ते नावेनं आले, ते एकटे आले नाहीत. बरोबर एक शिळा होती. काळ्या दगडाची, माणसाच्या छातीएवढी उंच.

चार माणसांनी मिळून ती नावेतून उतरवली. नाववाला उखा भोई नावेच्या तळाकडे बघत म्हणाला, “सर, पुढच्या खेपेला हिला पुलावरून पाठवा.”

नदीला पूल नव्हता.

आता शिळा अंगणात भिंतीला टेकून उभी होती. वर कोरलं होतं, ‘उपासनी सिद्धान्त’. खाली आठ ओळी. पहिल्या ओळीत ३१. दुसरीत ३३१. तिसरीत ३३३१. दर ओळीला पुढे एक तीन वाढायचा. असं करत करत आठव्या ओळीत ३३३३३३३३१. आणि सगळ्यांच्या खाली : ‘याप्रमाणे अनंतापर्यंत सर्व संख्या मूळ. शोधक, चिं. ग. उपासनी.’

घाटाच्या भिंतीत जुने कोरीव दगड होते. कितीतरी पूर येऊन गेले, दगड हलले नव्हते. त्यांच्या शेजारी आपली शिळा बसवावी, एवढीच मास्तरांची इच्छा होती. बुवांची परवानगी हवी होती.

“अनंतापर्यंत तपासलंत?” बुवांनी विचारलं.

“अनंत कसं तपासणार? सात तपासल्या. सातही मूळ निघाल्या.”

“आणि आठवी?”

“तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस.” मास्तर हे एका श्वासात म्हणाले.

“अरे वा. सगळ्या देवांना एकेक दिला तरी वर उरतात.”

“उरणारच. विषम आहे ती. अंकांची बेरीज पंचवीस, म्हणजे तिनानं भाग जात नाही. शेवटी एक, म्हणजे पाचानं नाही. अहो, चेहराच सांगतो, बुवा. घराण्यातली आहे.”

“पण तपासली नाही.”

“सात दिवस सूर्य पूर्वेला उगवला, तर आठव्या दिवशी पहाटे उठून कशाला बघायचं?”

बुवांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

मास्तरांना जोर चढला. “माणसंही अशीच असतात. माझा मेव्हणा घ्या. दोनानं भाग जातो, तिनानं जातो, कुणीही यावं आणि भागावं. आमचे मुख्याध्यापक संयुक्त. पाथरवट संयुक्त. तुम्ही मात्र मूळ. ना घर, ना दार. तुम्हांला कोण तोडणार?”

“मला भागाबाई रोज तोडून बोलते,” बुवा म्हणाले.

“ऐकू येतंय हो मला!” आतून आवाज आला. भागाबाई मठीतला स्वयंपाक करायच्या. त्यांच्या आवाजामागोमाग भाजलेल्या वांग्याचा वास आला.

बुवांनी आणखी एक शेंग फोडली.

“सातवी तपासायला फार त्रास पडला असेल.”

“सातशे सत्तावन्न भागाकार,” मास्तर म्हणाले. “पाच हजार सातशे एकोणपन्नासपर्यंत जेवढ्या मूळ संख्या आहेत, तेवढ्या सगळ्यांनी भागून बघितलं. हातानं. दर रविवारी. दीड वर्ष.”

“सगळे तुम्ही केलेत?”

मास्तरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

“निम्मे,” ते म्हणाले.

“आणि निम्मे?”

“आमच्या शाळेत बाविस्करबाई म्हणून आहे. मंदाकिनी. माझीच विद्यार्थिनी. तिनं केले.”

बुवांनी शिळेकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश.

“त्यांचं नाव मला कुठं सापडत नाही. माझे डोळेही आता…”

“नाही घातलेलं.”

“…”

“तुम्ही असे गप्प बसू नका, बुवा. सांगतो. सातवी झाली त्या दिवशी मी पेढे आणले. आणि ही काय म्हणाली? म्हणे, सर, आठवीला सुरुवातीचे दहा तरी भागाकार करून बघू या का, अर्ध्या तासाचं काम आहे. पेढा हातात! मी म्हटलं, ज्याला सात पुरत नाहीत त्याला सातशेही पुरणार नाहीत. शंका हा तुझा स्वभावच आहे. आणि पाथरवटाला सांगितलं, एकच नाव कोर.”

“कधीची गोष्ट?”

“सात महिने झाले. तेव्हापासून बोलणं नाही. शिक्षकांच्या खोलीत मी खिडकीकडे तोंड करून बसतो.”

“खिडकीतून काय दिसतं?”

मास्तरांनी आठवून पाहिलं.

“सायकली,” ते म्हणाले.

---

दर सोमवारी मठीत येईल त्याला जेवण असायचं. दुपारी अंगणात पंगत बसली. शिळा उचलणारे चौघं, उखा भोई, वरच्या पाड्यावरची पाचसहा माणसं, एक कुंभार नवराबायको, दोन वाटसरू. भागाबाईंनी पळसाची पानं मांडली.

मास्तरांनी पिशवीतून डबा काढला.

“मी पंगतीत बसत नाही,” ते म्हणाले. “घरून आणलंय.”

“हरकत नाही,” बुवा म्हणाले. “मग वाढायला लागा.”

“काय वाढू?”

बुवांनी शिळेकडे बोट केलं. “आठवी ओळ.”

मास्तर हसले. मग बुवा हसत नाहीत हे पाहून थांबले.

“म्हणजे कसं?”

“सगळ्यांना सारखी वाढायची. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. पातेल्यात काही उरायला नको.”

“अहो, तेच तर सांगतोय सकाळपासून! नाही होत. ती कुणात वाटलीच जात नाही.”

“वाढून तर बघा.”

मास्तरांनी पंगतीवरून नजर फिरवली. ओठ हलवत मोजलं. “सोळा. मांडायचीही गरज नाही. सोळा सम, आकडा विषम. प्रत्येकाच्या पानात दोन कोटी आठ लाख तेहतीस हजार तीनशे तेहतीस, आणि पातेल्यात उरले तीन.” त्यांनी हात झटकले. “झालं समाधान?”

पाड्यावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. हे सगळं मनातल्या मनात! एकानं कौतुकानं मान डोलावली.

मास्तरांनाही ते दिसलं. ते जरा ताठ उभे राहिले.

“सोळा कसे?” दारातून भागाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात भरताचं पातेलं होतं. “मी सतरा पानं मांडलीत.”

“सतरावं कुणाचं?”

“तुमचं.”

“मी बसणार नाही म्हटलं ना.”

“तुम्ही म्हटलंत मागून. पान मांडलं आधी.”

मास्तरांनी बुवांकडे पाहिलं. बुवा आपल्या पानावरची धूळ फुंकत होते.

“मास्तर,” बुवा म्हणाले, “पंगतीत उभं राहून आकडा नीट कळत नसेल. बसा. बसून मोजा.”

उखानं सरकून जागा केली.

मास्तर बसले. काही न सुचून बसले. मांडी घालताना त्यांचा गुडघा वाजला.

“बरं. सतरा,” ते म्हणाले. “फरक काय पडतो? आता उरतील काहीतरी वेगळे.” चुलीपाशी पडलेला कोळशाचा तुकडा त्यांनी मागून घेतला आणि पुढच्या फरशीवर भागाकार मांडला.

“तेहतीस. सतरा एके सतरा. उरले सोळा.”

“पुरतंय का?” शेजारून उखानं विचारलं.

“गप्प बस रे. एकशे त्रेसष्ट. नऊ वेळा. उरले दहा. एकशे तीन. सतरा सक एकशे दोन. उरला एक. तेरा. तेरात जात नाही, शून्य.”

“सर, जरा लवकर भागा,” उखा म्हणाला. “भरीत निवतंय.”

“एकशे तेहतीस. सात वेळा. उरले चौदा. एकशे त्रेचाळीस. आठ वेळा. उरले सात. त्र्याहत्तर. चार वेळा. उरले पाच…”

आता एकच अंक उतरवायचा राहिला होता. शेवटचा एक. मास्तरांनी तो पाचाशेजारी लिहिला.

एक्कावन्न.

त्यांचा हात थांबला.

भागाबाई पातेलं घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

“सतरा त्रिक…” मास्तर म्हणाले.

कुंभार कधीतरी चार यत्ता शिकला होता. त्यानं मदत केली. “एक्कावन्न.”

“मला येतं!” मास्तर ओरडले.

त्यांनी बाजूच्या फरशीवर सगळं पुन्हा मांडलं. मग त्याच्या बाजूच्या फरशीवर उलटं, गुणून पाहिलं. कोळसा संपला. बोटं काळी झाली. कपाळावर एक पट्टा उमटला. तीन फरश्या भरल्या, तिन्ही तेच सांगत होत्या. प्रत्येकाच्या पानात एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस. पातेल्यात काही नाही.

“म्हणजे पुरलं सगळ्यांना?” उखानं विचारलं.

“…पुरलं.”

“मग जेवू या?”

भागाबाईंनी वाढलं. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. मास्तरांचा डबा पिशवीशेजारी तसाच राहिला. त्यांनी काळ्या बोटांनी भाकरी मोडली आणि खाली मान घालून जेवू लागले. थोड्या वेळानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

“भरीत तिखट झालंय का सर?” उखानं हळूच विचारलं.

“हो,” मास्तर म्हणाले.

“तिखट?” भागाबाई म्हणाल्या. “बुवांचं पोट बिघडलंय, आज मी मिरची घातलीच नाही.”

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. भागाबाई आत गेल्या.

---

पंगत उठली. माणसं घाटाकडे पांगली. मास्तर अंगणात एकटेच बसून राहिले, त्या तीन फरश्यांसमोर. बुवा हात धुऊन आले आणि शेजारी टेकले.

बराच वेळ गेला. मग मास्तरांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी बदलू लागलं. पाठ सरळ झाली.

“बुवा,” ते म्हणाले, “सतरानं तुटते ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात तरी आजवर कुणाला माहीत नसणार.”

“नसेल.”

“म्हणजे एका अर्थी… हा मोठाच शोध आहे. सात मूळ, आणि आठवी दगा देते! सिद्धान्तापेक्षा हे अवघड. नवी शिळा करावी लागेल. ‘उपासनी अपवाद’.” त्यांनी कोळसा शोधला. “हे उतरवून घेतो आधी.”

बुवांनी तांब्या उचलला आणि फरशीवर पाणी ओतलं.

“अहो!” मास्तर उठलेच. “माझा भागाकार!”

बुवा तळहातानं फरशी पुसत होते. एक फरशी झाली, दुसरी झाली.

“जेवण झालं की जागा पुसतात, मास्तर.”

काळं पाणी फरश्यांच्या फटींतून घाटाकडे वाहत गेलं. मास्तर बघत राहिले.

“तुम्हांला आधीपासून माहीत होतं,” ते म्हणाले. “सतरा. नाहीतर बरोबर सतराच पानं कशी मांडली असती?”

“मला सतराचा पाढा येत नाही.”

“मग?”

“तुम्ही आलात म्हणून सतरा. एरवी सोळाच होते.”

मास्तर पुन्हा खाली बसले. काळ्या बोटांवर काहीतरी मोजू लागले. “दोन… तीन… पाच… सात… अकरा… तेरा…” सातवं बोट दुमडताना ते थबकले.

“सतरा सातवा आहे,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“आठवीला ओळीनं भागत गेलं असतं, तर सातव्या भागाकारालाच तुटली असती. तिनं… बाविस्करबाईनं दहा मागितले होते.” त्यांचा आवाज खाली आला. “आम्ही सातशे सत्तावन्न केले होते, बुवा. मी तिला दहा दिले नाहीत.”

बुवांनी तिसरी फरशी पुसायला घेतली.

“काय सांगू तिला आता?”

“सांगू नका,” बुवा म्हणाले. “विचारा.”

मास्तर उठले. पिशवी उचलली. मग शिळेपाशी जाऊन उभे राहिले.

“आणि हिचं काय? नदीत टाकू?”

“नदीनं काय वाकडं केलंय तुमचं?” भागाबाई दारातून म्हणाल्या. “घाटावर आडवी टाका. अक्षरं वर करून. खाचा चांगल्या खोल आहेत, धुण्याचा मळ निघेल.”

त्या चौघांनी शिळा घाटावर नेली. मास्तरांनी एका कोपऱ्याला हात लावला. त्यांच्या हातानं काही उचललं गेलं नाही, पण कुणी तसं म्हटलं नाही.

---

पुढच्या रविवारी सकाळी उपासनी मास्तर मंदाकिनी बाविस्करच्या दारात उभे राहिले. सात महिन्यांत पहिल्यांदा.

तिची आई, अनसूयाबाई, पुढच्या खोलीत सुपात तांदूळ निवडत होत्या. मंदाकिनी वह्या तपासत होती. सरांना पाहून ती उठली, आणि काय बोलावं ते न कळून पुन्हा बसली.

“मंदा,” मास्तर उभ्या उभ्याच म्हणाले, “तू मागे म्हणाली होतीस, आठवीला सुरुवातीचे दहा भागाकार करून बघू. ते… अजून करायचे आहेत का तुला?”

मंदाकिनीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“करू या ना, सर,” ती म्हणाली.

तिनं कोरा कागद घेतला. मास्तर समोरच्या खुर्चीत बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, कारण हात स्वतःहून कागदाकडे जाऊ लागले होते.

तिनं दोनानं भागलं. एक उरला.

“वा,” मास्तर म्हणाले.

तिनानं भागलं. एक उरला. पाचानं भागलं. एक उरला. तिचं अक्षर आज फार सावकाश चाललं होतं. सातानं भागलं. दोन उरले. अकरानं भागलं. एक उरला. मास्तरांनी जीभ दाताखाली धरली. बत्तीस वर्षांत त्यांनी एकाही मुलाला फळ्यावर गणित पुरं करू दिलं नव्हतं. शेवटची पायरी नेहमी त्यांचीच असायची.

तेरानं भागलं. सहा उरले.

“नाही जात,” मंदाकिनी म्हणाली.

“नाही जात,” मास्तर म्हणाले. “आता… पुढे काय येतं बरं?”

“सतरा, सर.”

“असं होय? सतरा.”

तिनं भागाकार मांडला. सोळा उरले. दहा. एक. तेरा. मास्तर छताकडे बघू लागले. चौदा. सात. पाच. एक्कावन्न.

“अय्या!” मंदाकिनी म्हणाली. तिनं हात गालाला लावला. “सर! भाग गेला!”

“काय सांगतेस!” मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. “गेला? निःशेष? बघू, बघू! अरेच्चा! तू शोधलंस, मंदा! तू!”

“मला तर विश्वासच बसत नाही, सर!”

“मलाही!”

अनसूयाबाईंनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

“अगं, हे तर तू मागेच केलं होतंस की,” त्या म्हणाल्या. “सरांनी पेढे दिले त्या संध्याकाळी. सतरा, सतरा करत घरभर नाचली होतीस. माझा दुधाचा टोप सांडलास.”

मंदाकिनीनं कागद घडी करायला सुरुवात केली. घडी नीट बसेना.

“तुला माहीत होतं?” मास्तर म्हणाले.

“हो, सर.” मग तिनं मान वर केली. “आणि तुम्हांला?”

“…सोमवारपासून.”

“तरीच. तुम्ही इतका वेळ गप्प बसलात, तेव्हाच मला शंका आली.”

“आणि तू सात महिने मला सांगितलं नाहीस?”

“दुसऱ्या दिवशी सांगायलाच आले होते. तुम्ही पाथरवटापाशी उभे होतात. तो तीन कोरत होता आणि तुम्ही हसत होतात. काकू गेल्यापासून तुम्हांला हसताना कुणी पाहिलं नव्हतं, सर. मी तशीच परत फिरले. म्हटलं, हा तीन तर होऊ दे. मग पुढचा तीन. मग…”

“बरेच तीन होते,” मास्तर म्हणाले.

“हो ना.”

मास्तर खाली बघत राहिले. त्यांच्या नखांत सोमवारचा कोळसा अजून थोडा होता.

“पण तुझं नाव मी कापलं. त्याचं वाईट वाटलं असेल.”

“पहिला दिवसभर वाटलं,” मंदाकिनी म्हणाली. “संध्याकाळी भाग गेला. मग म्हटलं, बरं झालं आपलं नाव नाही.”

अनसूयाबाईंनी तोंडाला पदर लावला. पण हसू आवाजासकट बाहेर आलं. मग मंदाकिनी हसली. मास्तरांनी थोडा वेळ रागवायचा प्रयत्न केला. तो जमला नाही.

चहा झाला. कप खाली ठेवता ठेवता मास्तर म्हणाले, “नववी?”

“बघितली नाही, सर. एकटीनं नको वाटलं.”

त्या दिवशी त्यांनी बारा भागाकार केले. पुढच्या रविवारी तीस. नववी ओळ, दहा आकडी, लवकर हाती लागेना. पुढे सुट्ट्या लागल्या, मग रोज बसू लागले. एकशे बाविसाव्या भागाकाराला ती सहाशे त्र्याहत्तरनं तुटली. तो भागाकार मंदाकिनीच्या वाट्याला आलेला होता. मास्तर तेव्हा शेजारी आकड्यातले तीन मोजत होते. त्यांनी वही ओढली आणि तारीख घातली. तारखेखाली तिचं नाव लिहिलं. मग थोडं थांबून त्याच्या खाली, जरा बारीक अक्षरात, आपलं.

---

सुट्टी संपत आली तेव्हा उपासनी मास्तर पुन्हा मठीत आले. या खेपेला हातात फक्त पिशवी होती.

बुवा ओसरीवर होते. मास्तरांनी नमस्कार केला आणि झालेलं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. दुधाचा टोपही सांगितला. मग पुढे सरकून बुवांचे पाय धरले.

“मला शिष्य करून घ्या, बुवा.”

“कशासाठी?”

“गप्प बसायला शिकायचंय. या वयात दुसरं काही शिकून उपयोग नाही. ते तुमच्याशिवाय कोण शिकवणार?”

बुवा विचार करू लागले. पाय सोडवून घेतले.

“त्या दिवशी त्यांच्या घरी तुम्ही किती वेळ गप्प बसलात?”

“सात भागाकार,” मास्तर म्हणाले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, “मध्ये एकदा ‘वा’ म्हटलं.”

“म्हणजे किती वेळ?”

“वीसेक मिनिटं.”

“आणि त्या?”

“…सात महिने.”

खाली घाटावर बायका धुणी आपटत होत्या. त्यांचा आवाज वर येत होता.

“आता कुठं आहेत त्या?”

“पलीकडच्या काठावर. घाटावरच बसलीय, वही घेऊन. दहावी ओळ सुरू केलीय. मी म्हटलं, तू भागत राहा, मी तेवढ्यात बुवांकडून…”

मास्तर मध्येच थांबले.

बुवांनी मान वळवून नदीकडे पाहिलं. उखा भोई दोर सोडत होता.

“पळा, मास्तर,” बुवा म्हणाले. “नाव सुटतेय.”